न उमललेल्या कळ्या

मे महिना हा पवित्र मरियेचा. या महिन्यात तिच्या वेदीवर फुले वाहण्याची प्रथा आपल्या कुटुंबांनी भक्तीने जपली आहे. परंतु बडोद्यासारख्या शहरात जेथे अंगणेच आटत चालली आहेत, तेथे ही फुले बहुधा खंडेराव मार्केटातून विकत आणावी लागतात. हातावर पोट असलेल्या घराला निशिगंधाच्या दहा छड्या हा लहान खर्च नव्हे. खालची चार फुले उमलून वरच्या कळ्या तशाच हिरवट सुकून गेल्या, म्हणजे गृहिणीचा जीव हळहळतो. मग दोष फुलवाल्याच्या माथी येतो. आम्हांस वाटते, तो बिचारा पुष्कळदा निर्दोष असतो.

कळी उमलते तेव्हा तिच्यात घडते तरी काय? पाकळीतील बहुतेक पेशी आधीच तयार झालेल्या असतात. उमलताना त्या मुख्यतः फुगतात. पाने उन्हात साखर तयार करतात व देठावाटे कळीकडे धाडतात. गुलाबासारख्या फुलांच्या पाकळ्यांत ही शिदोरी पिष्टाच्या रूपाने साठविलेली असते. वेळ आली की पिष्टाचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज या साध्या शर्करा बनतात. पिष्टाचा एक मोठा रेणू फुटून अनेक लहान रेणू झाले, की पेशीतील रस दाट होतो व बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाण्याच्या त्या दाबाने पाकळी पसरते. शिवाय काही साखर श्वसनात खर्च होते, कारण उमलणे हे शक्तीचे काम आहे.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने रानफुलांच्या निश्चिंततेकडे बोट दाखविले. एखादा कॉलेजकुमार यावर म्हणेल की, फूल तर आतून अखंड राबत असते! राबते खरे, पण उद्याचा घोर त्याला नसतो.

छडी कापली की पानांची रसद तुटते. खालच्या कळ्या वयाने थोर, त्या हाती असलेली साखर घेऊन उमलतात. वरच्या धाकट्यांच्या वाट्याला फारसे उरत नाही. म्हणून ही साखर आपणच पुरवावी. लिटरभर पाण्यात चहाचे चार चमचे साखर व लिंबाच्या रसाचे काही थेंब घालावेत. मात्र नुसते गोड पाणी तसेच राहू दिले, तर त्यांत जंतू वाढून देठाच्या नळ्या तुंबतात व पाणी वर चढत नाही. म्हणून पाणी रोज बदलावे, फुलदाणी घासून घ्यावी व देठाचे टोक बोटभर तिरके छाटावे. आळस केल्यास साखर न घातलेलीच बरी.

आणखी एक गोष्ट. आंबे पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याचा आंब्याच्या पिकण्याशी काय संबंध आहे, यावर आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातील मट्टू व मोदी या संशोधकांनी 1969 साली निबंध प्रसिद्ध केला होता. हाच वायू कार्नेशनसारख्या फुलांना अकाली कोमेजवितो. तेव्हा अर्पणाची आंब्यांची पाटी वेदीवरील फुलदाणीला खेटून न ठेवता दाराजवळच्या मेजावर ठेवावी.