विमानतळ की मासे?

‘विमानतळ की मासे’ असा वाद वर्गात काढला की दोन तट पडतात आणि घंटा होईपर्यंत गोंगाट चालतो. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवे ते असे: भराव किती मीटर आणि कोणत्या टोकाला?

अलास्कातील कोडियाक बेटाचे उदाहरण घ्या. मुख्य भूमीवरून तेथे रस्ता नाही. जायचे ते बोटीने, नाहीतर विमानाने. मुख्य धावपट्टीच्या एका टोकाशी बॅरोमीटर नावाचा डोंगर, दुसऱ्या टोकाशी समुद्र. जवळच बस्किन नदी समुद्राला मिळते. तिच्यात सॅमन मासे अंडी घालायला येतात आणि बेटावरील अनेक कुटुंबे ते विकण्यासाठी नव्हे, तर घरी खाण्यासाठी पकडतात.

अमेरिकेत २००५ साली कायदा झाला, की प्रवासी विमानतळांनी २०१५ अखेरपर्यंत धावपट्टीभोवती सुरक्षित मोकळी जागा तयार करावी. मोठ्या विमानांसाठी टोकापुढे ही जागा १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर लागते. ती चैन नव्हे. मंगळूरला २२ मे २०१० रोजी विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि १५८ माणसे दगावली. पण कोडियाकला जागा हवी तर समुद्रात भराव घालणे आले.

येथे पदार्थविज्ञान मदतीला येते. सहज चुरडणाऱ्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांचा थर टोकाशी घातला, तर चाके त्यात रुततात आणि विमानाची गतिज ऊर्जा ठोकळे चुरडण्यात खर्च होते. मग ६०० फूट, म्हणजे १८३ मीटर पुरतात. सेकंदाला ३६ मीटर वेगाने आलेल्या विमानाला तेवढ्यात थांबवायचे, तर मंदन सुमारे ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग लागेल. गणित करून पाहा. समुद्रतळ एकसारखा उतरत जातो असे धरले, तर लांबी ६० टक्के केल्यावर पाण्याखालचा भराव ढोबळमानाने ३६ टक्केच उरतो! कोडियाकच्या मूल्यांकनात असे पर्याय तोलले गेले आणि पुढे असे थर बसवलेही गेले.

अमेरिकेतील १९७० पासूनचा पर्यावरण कायदा पर्याय तपासायला लावतो. ‘काहीच न करणे’ हाही त्यांतला एक. अहवालातील मला सर्वांत मोलाची वाटणारी पाने हीच. एकच आराखडा पक्का करून मग त्याचे परिणाम मोजणे म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवणे.

भरावाखाली किती जमीन बुडाली, हे मोजणे सोपे. नदीचे गोडे पाणी मात्र खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते मुखाबाहेर वरच्या थरात पसरते आणि समुद्राकडे निघालेली सॅमनची पिले त्या निमखाऱ्या पट्ट्यात खारेपणाला सरावतात. मुखाजवळच्या भरावाने हा पट्टा वळू शकतो. परातीत खारे पाणी घ्या, कडेने रंगीत गोडे पाणी हळूच सोडा, मग वाटेत एक वीट ठेवून पाहा.

आणि घरच्या जेवणातल्या माशाचे काय? तो बाजारात जात नाही, म्हणून त्याला भाव नाही. भाव नाही म्हणून हिशेबात शून्य धरायचे, हे मला मुळीच पटत नाही. त्याची नोंद किलोत करावी आणि ती करताना जाळे टाकणाऱ्यांनाच आधी विचारावे. पाणी कोणत्या महिन्यात कोठे वळते, हे त्यांना ठाऊक असते.