निळ्या पुठ्ठ्याची वही

२०२५ च्या दिवाळींत आमचा पुतण्या पुण्याहून भातकुलीस आला, तो पत्त्यांचे दोन जोड आणि एक निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन. पत्त्यांचें आमच्या घराला वावडें नाहीं. बदाम सात, मेंढीकोट, पांच-तीन-दोन हे डाव माजघरांत तीन पिढ्या चालत आले आहेत. पण पत्ते खेळण्यास वही लागते, हें आम्हीं प्रथमच पाहिलें.

चिरंजीव दोन वर्षें संगणकावर पोकर नांवाचा खेळ पैसे लावून खेळत होते, हें तेव्हां उघड झालें. ऑगस्ट २०२५ मध्यें पैशाच्या अशा खेळांना बंदी करणारा कायदा संसदेनें केला आणि त्याच महिन्यांत त्याचें तें टेबल मिटलें. तोंवर पदरचे ४२ हजार रुपये गेले होते. ही रक्कम त्यानें वडिलांना सांगितली नव्हती. आम्हांस सांगितली, तीही गच्चीवर, रात्रीं. (आतां ती सर्वांस ठाऊक आहे, म्हणूनच येथें लिहीत आहों.)

ज्यांस हा खेळ माहीत नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. प्रत्येकास दोन पत्ते झांकून मिळतात. पांच पत्ते सर्वांचे समाईक म्हणून मध्यें टप्प्याटप्प्यानें उघडतात. आणि दर टप्प्यास बोली लागते. बोलीची बरोबरी करावी, ती वाढवावी, किंवा पत्ते टाकून मोकळें व्हावें. बाकीच्या सर्वांनीं पत्ते टाकले, तर उरलेल्यास आपले पत्ते न दाखवितां मधली रास मिळते. म्हणूनच येथें हूल चालते, आणि म्हणूनच समोरचा मनुष्य कसा खेळतो हें टिपून ठेवण्यास किंमत येते. संगणकावर तर तोंड दिसत नाहीं, हाताचा कंप दिसत नाहीं. दिसतें तें एक टोपणनांव, बोलीची रक्कम, आणि ती लावण्यास लागलेला वेळ.

वही चाळली. 'गाढव.' 'नशीबवान.' 'फार घाबरट.' 'याला पैसा जड झाला आहे.' पानेंच्या पानें अशीं! हीं टिपणें नव्हेत, हरल्यावर दिलेले शिव्याशाप आहेत. आमच्या या खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी चाखल्यावांचून तिला गोड म्हणण्याची चाल नाहीं. उपयोगी टिपण तें, कीं जें सहा महिन्यांनीं वाचलें तरी डाव डोळ्यांपुढें उभा राहील: समाईक पत्ते कोणते होते, राशीच्या मानानें बोली केवढी लावली, आणि शेवटीं उघडून काय दाखविलें. अखेरची बाब सर्वांत मोलाची. न दाखविलेल्या पत्त्यांविषयीं आपण जें लिहितों, तो आपलाच तर्क असतो. 'शेवटच्या पत्त्यावर निम्म्या राशीएवढी बोली. हातांत कांहीं नव्हतें. दोनदां पाहिलें' ही एक ओळ दहा विशेषणांना भारी आहे.

किती डाव पाहून लिहिलें, तो आंकडाही हवा. ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांचे १,३२६ मेळ होतात. त्यांत सारख्या पत्त्यांची जोडी सरासरीनें १७ डावांत एकदां येते, आणि दोन एक्के २२१ डावांत एकदां. तेव्हां एखाद्यानें वीस डावांत अठरा वेळां पत्ते टाकले, तर तो भित्रा असेल, किंवा त्यास पत्तेच आले नसतील. हुलीविषयीं तर शेंकडों डावांनंतरही जपून लिहावें, कारण शेवटीं पत्ते उघडण्यापर्यंत जाणारे डाव थोडेच.

मोजण्याची ही विद्या वऱ्हाडास परकी नाहीं. महाभारतांतील नलोपाख्यानांत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या पानाफळांची संख्या पाहतांक्षणींच सांगतो. नल रथ थांबवितो, झाड पाडून फळें मोजतो, आणि मग त्यास अक्षविद्या मिळते. तो रथ दमयंतीच्या माहेरीं निघाला होता. तें कुंडिनपूर म्हणजे आमच्याच जिल्ह्यांतील वर्धाकांठचें कौंडिण्यपूर, अशी परंपरा आहे. राजाच्या शब्दावर न विसंबतां नलानें फळें मोजलीं, हें आम्हांस नेहमींच आवडत आलें आहे.

याच्या उलटही एक नवल आहे. २०१९ मध्यें अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक येथील संशोधकांच्या 'प्लुरिबस' या संगणक-प्रणालीनें सहाजणांच्या बैठकींत नामांकित खेळाडूंवर मात केली, तीही कोणाच्या संवयी न टिपतां. पण तसें स्थिर चित्त यंत्रासच लाभतें.

घरीं आम्ही चिंचोक्यांवर खेळूं लागलों. चौथ्या रात्रीं शेवटचा पत्ता उघडतांच आमच्या अक्कांनीं आपले सारे चिंचोके पुढें सारले. चिरंजीवांनीं वही पाहिली, कपाळास आठी घातली, आणि चांगल्या दोन जोड्या टाकून दिल्या. अक्कांनीं पत्ते उलटे केले: चौकटची सत्ती आणि किलवरची दुर्री!

"आत्या, तूं हूल दिलीस?"

"अरे, 'आत्या हूल देत नाहीं' असें परवां तुझ्या वहींत वाचलें. देवघराच्या उंबऱ्यावर उघडी पडली होती. म्हटलें, एकदां देऊन पाहावी."

त्या रात्रीं आम्हीं त्यास विचारलें, कीं वहींत एवढीं माणसें आहेत, तुझें पान कोठें? तें नव्हतें. बँकेचा उतारा त्याच्या फोनमध्यें होता. पैसे भरल्याच्या तारखा आणि वेळा आम्हीं दोघांनीं बसून एका कोऱ्या पानावर उतरविल्या. ४२ हजारांपैकीं ३१ हजार मध्यरात्रीनंतर भरलेले निघाले. आणि जवळजवळ प्रत्येक खेप शिल्लक हरून संपल्यावर त्याच बैठकींत भरलेली. "आतां दुसऱ्याविषयीं लिहावें तसें लिही," आम्ही म्हणालों. बराच वेळ बसून त्यानें लिहिलें: 'हरल्यावर उठत नाहीं. एकोणीस वेळां पाहिलें.'

सकाळीं तें पान त्यानें आपण होऊन वडिलांपुढें ठेवलें. आमच्या बंधूंनीं चष्मा पुसला, बोट ठेवीत नोंदी मोजल्या. त्या वीस भरल्या.

"मग ही एक?"

"ती पहिली, बाबा. तेव्हां अजून हरलों नव्हतों."