चौथें ऋण

देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं तीन ऋणें आपल्या घरांतील मुलांसही ठाऊक असतात. देशरक्षकांचें ऋण हें चौथें मानावें, असें आम्हांस वाटतें. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत धारातीर्थीं पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला व माणगांवीं त्यांचा पुतळा उभा राहिला. हें योग्यच झालें. पण जो हातपाय गमावून जिवंत परतला, त्याचें काय?

अमेरिकेंतील कित्येक राज्यांत अशा सैनिकाच्या मोटारीस विशेष क्रमांकपाटी विनामूल्य देतात. आमच्या किनाऱ्यावरील गाडीची ‘एमएच ०६’ ही पाटी रायगड जिल्हा सांगते, मालकाचा त्याग सांगत नाहीं. तथापि ऑक्टोबर २०२० मधील सुधारणेनें वाहननोंदणीच्या २० क्रमांकाच्या अर्जांत मालक दिव्यांग असल्याची नोंद करण्याची सोय झाली. सवलतींस तिचा आधार होतो. परंतु सवलत मागावी लागते, आणि स्वाभिमानी सैनिकास मागणें जड जातें. यास्तव घरांतील सुशिक्षित तरुणांनीं शेजारच्या अशा गृहस्थांचा अर्ज स्वतः भरून द्यावा, अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत त्यांस सोबत करावी. ऋणकोनें धनकोच्या दारीं जावें, हीच रीत आहे.