मुक्तिनाथची घाई

नेपाळला पहिल्यांदा जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात : "एव्हरेस्ट दिसला का?" जणू ८८४८ मीटरचे ते टोक दिसले की साऱ्या देशाची हजेरी लागली! माझे मत निराळे आहे. पहिल्या खेपेस काली गंडकीचे खोरे पाहावे, आणि तेही सावकाश.

सावकाश म्हणण्यास कारण आहे. पोखरा सुमारे ८०० मीटर उंचीवर, मुक्तिनाथ सुमारे ३७०० मीटरवर. सकाळी पोखऱ्याहून विमानात बसलेला यात्रेकरू वीसेक मिनिटांत जोमसोमला उतरतो, जीपने दुपारच्या आत मुक्तिनाथ गाठतो आणि १०८ धारांचे बर्फगार पाणी अंगावर घेतो. मग डोके ठणकते, मळमळते. त्याला वाटते, काल रात्रीचे जेवण बाधले! वास्तविक ती विरळ हवेची बाधा असते. दुर्लक्ष केले, तर ती फुप्फुसांवर वा मेंदूवर जाऊन जिवावर बेतू शकते, आणि मग ताबडतोब खाली उतरण्याला पर्याय उरत नाही. आपल्या यात्रांमध्ये साठी उलटलेली मंडळीच अधिक. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत खरेदीला अर्धा दिवस असतो, पण वाटेत एका रात्रीचा मुक्काम नसतो. ही मला निव्वळ बेपर्वाई वाटते.

तो मुक्काम मार्फाला करावा. पांढऱ्या रंगाची दगडी घरे, सफरचंदांच्या बागा, थकाली घरातला गरम डाळभात. एका अंगाला धौलागिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा. दोन्ही आठ हजार मीटरांवरची, आणि मधून ही नदी!

आमच्या देवघरातला शाळिग्राम याच नदीचा. लहानपणी त्यावरची चक्राकार खूण मला विष्णूचे चक्र म्हणून दाखवली गेली. भूगर्भशास्त्र म्हणते, तो दहा कोटी वर्षांहूनही जुन्या एका समुद्री जीवाचा शंख आहे. हिमालय उभा राहण्यापूर्वी येथे टेथिस समुद्र होता. मला या दोन गोष्टींत भांडण दिसत नाही. आजीलाही दिसले नसते.

कागबेनीपाशी पात्रात उतरून काळे गोटे न्याहाळत एक सकाळ घालवावी. दुपारी मात्र तेथे थांबू नये. खालून असा वारा सुटतो की विमानेही सकाळीच उरकून घेतात, आणि डोळ्यांत वाळू जाते ती वेगळीच.