पॅक मोठा की रेंज मोठी?

सुट्टी लागली की आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच गोष्टींची घाई सुरू होते. एक तिकिटाची आणि दुसरी रिचार्जची. "रोजचा दीड जीबी मारू की दोन जीबी?" हा प्रश्न मेसमध्ये, जिन्यात, आंघोळीच्या रांगेत, सगळीकडे ऐकू येतो. मित्रांनो, माझं स्पष्ट मत असं की हा प्रश्नच चुकीचा आहे! प्रवासात आपलं काम अडतं ते डेटा संपल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा ते अडतं रेंज गेल्यामुळे. आणि रेंज काही पॅकमध्ये मिळत नाही.

आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. तेव्हा आधी आकडेमोड करू. १ एमबीपीएस वेगाने सलग एक तास काही बघितलं तर ३६०० सेकंद भागिले ८, म्हणजे ४५० एमबी जातात. साध्या दर्जाचा व्हिडिओ बघायला एवढा वेग पुरतो. दीड जीबीमध्ये असे जवळपास साडेतीन तास निघतात. मीरा रोडहून चर्चगेटला जायला साधारण एक तास लागतो. मग जाऊन-येऊन डेटा उरायलाच हवा. तरीही रोज संध्याकाळी "नेट चालत नाही यार" ही ओरड असतेच. का?

कुणी म्हणेल, गाडी पळते म्हणून. हेही तपासून बघा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. १८०० मेगाहर्ट्झवर डॉप्लरचा फरक पडतो साधारण १६७ हर्ट्झ. फोरजीत दोन उपलहरींमधलं अंतर असतं १५ किलोहर्ट्झ. म्हणजे फरक दीड टक्क्याच्याही आत! लोकलचा वेग हा गुन्हेगार नव्हे. खरा गुन्हेगार आहे गर्दी. ऐन गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार-पाच हजार माणसं कोंबलेली असतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात फोन. एवढे फोन एकदम एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर उडी मारतात. त्यात डबा लोखंडाचा. टॉवरची क्षमता तेवढीच, वाटेकरी हजारो. अशा वेळी तुमच्या पॅकमध्ये दोन जीबी असोत की वीस, वाट्याला यायचं तेवढंच येणार. (दारात रेंज बरी मिळते हे खरं, पण म्हणून दारात लटकू नका. रेंज परत येते, माणूस येत नाही.)

आता लांबच्या प्रवासाकडे या. आपल्याकडे कोकणातली मुलं बरीच आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये वांद्रे टर्मिनस-मडगाव एक्सप्रेस सुरू झाली आणि बोरिवली, वसई मार्गे थेट कोकणात जायची सोय झाली. पण कोकण रेल्वेवर नव्वदहून जास्त बोगदे आहेत! रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. ताशी साठच्या वेगाने गेलात तरी साडेसहा मिनिटं डोंगराच्या पोटात. खानदेशातली मंडळी सुरतमार्गे भुसावळला जाणाऱ्या खानदेश एक्सप्रेसने जातात. ही गाडी मुंबईचं सर्कल सोडते, महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये शिरते, मग गुजरातचं सर्कल ओलांडून नंदुरबारला परत महाराष्ट्रात येते. एका रात्रीत एवढी सरहद्द!

हे सर्कलचं प्रकरण नव्या मुलांना ठाऊक नसेल. दूरसंचार खात्याच्या हिशोबात मुंबई हे वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा हे वेगळं. पूर्वी मुंबईचा नंबर घेऊन कोल्हापूरला गेलं की रोमिंग लागायचं, आलेल्या फोनचेसुद्धा पैसे कापले जायचे. म्हणून गावाला गेलं की गावचं सिम टाकायची पद्धत पडली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, देशभर रोमिंग फुकट असल्याचं तिने जाहीर केलं आणि बाकीच्या कंपन्यांनाही तोच रस्ता धरावा लागला. म्हणजे दुसरं सिम घ्यायचं जुनं कारण संपलं. पण एक नवं कारण उभं राहिलं आहे, आणि तिथेच माझा मुद्दा येतो.

माझा मुद्दा असा. प्रवासासाठी नेट निवडताना सर्वात चांगल्या तासाकडे बघू नका, सर्वात वाईट अर्ध्या तासाकडे बघा. मीरा रोडच्या चौकात फाइव्हजी किती धावतं याला अर्थ नाही. तुमच्या गावच्या एस.टी. थांब्यावर काय चालतं ते महत्त्वाचं. त्या अर्ध्या तासात परीक्षेच्या फॉर्मचा ओटीपी यायचा असतो, आईचा फोन यायचा असतो, शेवटची गाडी चुकल्याचं घरी कळवायचं असतं. बाकी वेळ रील बघायला नेट नसलं तर काही बिघडत नाही!

मग निवड कशी करायची?

पहिली गोष्ट, दोन सिम असतील तर दोन्ही एकाच कंपनीची नकोत. हे ऐकायला सोपं वाटतं, पण ऑफरच्या नादात अनेक जण नेमकं उलट करतात. त्यातही एक तांत्रिक बाब लक्षात ठेवा. जिओकडे टूजी नाही. तिचे फोन कॉलसुद्धा फोरजी-फाइव्हजीवरून जातात. डोंगरात कुठे फक्त टूजीचा टॉवर पोचला असेल तर तिथे तिचं सिम गप्प बसतं आणि टूजी असलेल्या कंपनीचं सिम निदान कॉल आणि एसएमएस तरी देतं. उलट जिथे जिओचा टॉवर जवळ आहे तिथे तीच उपयोगी. कंपनी चांगली की वाईट हा वाद नाहीच. तुमच्या वाटेवर कोण आहे हा प्रश्न आहे.

लहरींचं गणितही बघून घ्या. मोकळ्या जागेचं सूत्र लावलं तर २३०० मेगाहर्ट्झऐवजी ९०० मेगाहर्ट्झ वापरल्यास सिग्नलची घट सुमारे ८ डेसिबलने कमी होते, म्हणजे तेवढ्याच अंतरावर साडेसहापट शक्ती हाती येते. झाडं, भिंती, वळणं यांतही खालच्या लहरी जास्त टिकतात. वरच्या लहरी वेग देतात, खालच्या लहरी साथ देतात. प्रवासात मला विचाराल तर साथ हवी.

कोण कुठे आहे हे कळणार कसं? ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना आपापल्या सेवेचे नकाशे वेबसाइटवर दाखवणं भाग पडलं. ते जरूर बघा. पण नकाशापेक्षा भरवशाची माहिती गावच्या रिचार्जवाल्याकडे आणि रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या कंडक्टरकडे असते. त्यांना विचारायला लाजू नका.

दुसरी गोष्ट, नंबर आणि नेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे समजून घ्या. नंबर म्हणजे आता निव्वळ नंबर राहिलेला नाही. आधार, बँक, स्कॉलरशिप, प्रवेशाचा फॉर्म, सगळ्याची किल्ली तीच. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, जुलै २०१५ पासून देशभर कुठेही. सोय उत्तमच. पण डिसेंबर २०१९ च्या नियमांप्रमाणे सर्कलच्या आत बदलायला तीन आणि सर्कलबाहेर पाच कामाचे दिवस धरले आहेत. सुट्टीच्या आदल्या दिवशी पोर्टचा मेसेज टाकून गाडीत बसणाऱ्याला काय म्हणावं? तसंच सिम हरवून त्याच नंबरचं नवं घेतलं तर दूरसंचार खात्याच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक टाळायला हा नियम योग्यच आहे, पण त्या २४ तासांत फॉर्मची शेवटची तारीख असेल तर पंचाईत!

म्हणून मुख्य नंबर स्थिर ठेवा, त्याला हात लावू नका. ऑफरचे प्रयोग करायचे ते दुसऱ्या सिमवर. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि २०२५ च्या सुरुवातीला ते बाजारात आले. नंबर जिवंत ठेवायला असा पॅक आणि नेटसाठी दुसरं सिम, असा हिशोब जमतो का ते कागदावर मांडून बघा. घरी आजी-आजोबांना नेट लागतच नसेल तर त्यांच्यासाठीही हे बघा.

इथे कुणी म्हणेल, "दोन रिचार्ज परवडतात कुणाला?" प्रश्न रास्त आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, त्याची झळ हॉस्टेलच्या खिशाला बसलीच. यावर उपाय एकच, आणि तो फुकट आहे. एका गाडीने चौघे निघालात तर चौघांकडे एकच कंपनी आहे का ते आधी बघा. नसेल तर उत्तम. ज्याला रेंज त्याचा हॉटस्पॉट! घरी "पोचतोय" एवढं सांगायला मित्राचा फोन चालतो. पण मित्राच्या बॅटरीची कदर ठेवा.

तिसरी गोष्ट, जे लागणार ते निघण्याआधी उतरवून घ्या. तिकिटाची पीडीएफ, नोट्स, रस्त्याचा नकाशा, सगळं फोनमध्ये साठवता येतं. डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर आला की सेकंदाला ८ केबी मिळतात. एक एमबीची नोट्सची फाइल उतरायला दोन मिनिटं आणि चाळीस एमबीची उतरायला दीड तास! पैशांसाठी *९९# ही सेवा नेटशिवाय चालते, ती एकदा चालू करून ठेवा. आणि खिशात दोनशे रुपये रोख असू द्या. वडापाववाला सर्व्हर डाऊन आहे म्हणून उधार देत नाही!

स्टेशनवरच्या वाय-फायचं काय? जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेलटेलने ते सुरू केलं. पुढे २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेतलं, रेलटेलने सेवा चालू ठेवली. मोठी फाइल उतरवायला हे ठीक. पण त्यात शिरायलाही ओटीपी लागतो, तो येतो तुमच्याच नंबरवर. म्हणजे रेंज नसेल तर वाय-फायही नाही! शिवाय चारचौघांच्या वाय-फायवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे शहाण्यास सांगणे न लगे.

आता थोडं सर आणि मॅडम लोकांसाठी, रागावू नका! सुट्टीहून परतायच्या रविवारी रात्री ११:५९ ला असाइनमेंटची मुदत ठेवली की अर्धं हॉस्टेल त्या वेळी घाटात, बोगद्यात नाहीतर एस.टी.च्या मागच्या सीटवर असतं. मुदत सोमवारी दुपारी ठेवली तर कुणाचं काय अडेल? नोटीस चार ओळींची असेल तर ती चार ओळींतच पाठवावी, फोटो काढून पीडीएफ करून नव्हे. चार ओळी टूजीवरही पोचतात. मोखाड्याच्या पाड्यावरचा किंवा दापोलीच्या वाडीतला मुलगा आळशी नसतो, तो कधी कधी नुसता टॉवरपासून लांब असतो. नेट सगळ्यांकडे सारखं आहे असं धरून नियम केले की त्याची शिक्षा नेमकी लांबून येणाऱ्यांना होते. रेंज ही हुशारी नव्हे, आणि तिचे मार्क कुणाला मिळू नयेत.

या बाबतीत शिकायचं तर आपल्याच भाईंदर पश्चिमेला उत्तनला जाऊन यावं. मासेमारीच्या बोटी खोल समुद्रात जातात तिथे मोबाइल मागे पडतो. साध्या जीएसएमचा टॉवर त्याच्या रचनेमुळेच ३५ किलोमीटरपलीकडे फोन पकडू शकत नाही. म्हणून बोटीवर व्हीएचएफ वायरलेस लागतो आणि संकटासाठी सोळा नंबरचा चॅनल ठरलेला असतो. सर्वात वाईट वेळेचा विचार करून साधन निवडायचं ते असं.

आणि वाईट वेळ जमिनीवरही येते. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईतले मोबाइल बंद पडले आणि लाखो लोकांची घरच्यांशी गाठ तुटली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं वीज आणि फोनविना दिवसेंदिवस राहिली. तिथे कुठलाच पॅक कामाला आला नाही. म्हणून निघण्याआधी घरी एवढं सांगून ठेवा : कोणत्या गाडीने निघतोय, किती वाजता पोचेन, सोबत कोण आहे आणि त्याचा नंबर काय. दोन महत्त्वाचे नंबर पाठ करा किंवा कागदावर लिहून पाकिटात ठेवा. त्याला ना डेटा लागतो, ना बॅटरी.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, येत्या सुट्टीआधी रिचार्जच्या दुकानात जाल तेव्हा "किती जीबी?" हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न विचारा, "आमच्या वाटेवर कोण चालतं?" बघा पटतंय का!