भुताचा जबाब आणि नायकाचा चेहरा



बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा आपल्या आजोबांच्या पिढीने अक्षरशः फडशा पाडला. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयातून आणायची, रात्रीत संपवायची आणि सकाळी परत करायची. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार आणि काळा पहाड चाळीचाळीत पोहोचले. मुखपृष्ठ रघुवीर मुळगावकरांनी रंगवलेले असे. आत मात्र सगळी अक्षरेच. त्यामुळे पाळी संपवून आलेला गिरणी कामगार झुंजारला आपल्या मनातला चेहरा देऊ शकत असे.

चित्रकथेत ही मोकळीक राहत नाही. चित्रकाराने एकदा चेहरा काढला की तोच सर्वांचा होतो. म्हणून एखाद्या हेरकथा-मालिकेची चित्रकादंबरी होते, तेव्हा पहिला प्रश्न असतो, नायक दिसतो कसा? आणि हा प्रश्न आपल्या घरातल्या मुलांसाठी मुळीच किरकोळ नाही.

मागचा अनुभव आठवा. १९६४ साली मुंबईतून सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही आली आणि १९९० पर्यंत चालली. त्यातला वेताळ गोरा. त्याच्याभोवती त्याला मान देणारे जंगलातले काळे आदिवासी. मॅन्ड्रेक जादूगार गोरा, उंची पोशाखातला, जादूच्या बळावर गुन्हे उलगडणारा. त्याचा साथीदार लोथार हा खरे तर आफ्रिकेतला राजपुत्र. पण अनेक वर्षे तो कातडे पांघरून धन्याच्या मागे उभा राहिला. डोके मॅन्ड्रेकचे, दंड लोथारचे! हे कोणी शब्दांत शिकवले नाही. चित्रांनी मुकाट्याने शिकवले.

याच्या अगदी उलट उदाहरण लंडनचे आहे. बेन आरोनोविच या लेखकाने २०११ मध्ये ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ ही कादंबरी लिहून एक मालिका सुरू केली. तिचा नायक पीटर ग्रँट हा साधा तरुण पोलीस शिपाई. आई पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशातून आलेली, साफसफाईची कामे करणारी. वडील गोरे, जाझ संगीत वाजवणारे. एका खुनाच्या जागी पहारा करीत असताना पीटरला साक्षीदार भेटतो, आणि तो साक्षीदार म्हणजे भूत! पीटर पळत नाही. वही काढतो आणि जबाब लिहून घेतो. पुढे तो पोलीस खात्यातल्याच एका जादूगार अधिकाऱ्याचा शिष्य होतो. या कथांत लंडनच्या नद्या माणसांच्या रूपात वावरतात, आणि थेम्स नदीची माता ही नायजेरियातून आलेली काळी स्त्री आहे.

कोणी म्हणेल, भुताखेताच्या गोष्टी आपल्या मुलांनी कशाला वाचाव्यात? शंका रास्त आहे. भूत खरे मानून गंडेदोरे बांधणे वेगळे आणि गोष्टीतले भूत गोष्टीतच ठेवणे वेगळे, एवढे मुलांना नीट सांगावे. शिवाय हा पीटर मोठा चौकस आहे. जादू केली की मोबाइलच्या आतले सूक्ष्म भाग जळून जातात, असे त्याच्या लक्षात येते, तेव्हा तो हात जोडीत नाही; प्रयोग करून कारण शोधू लागतो.

या मालिकेची चित्रकथा २०१५ मध्ये टायटन कॉमिक्सने काढली. ‘बॉडी वर्क’ हे तिचे नाव. गोष्ट एका झपाटलेल्या मोटारीची. लेखन स्वतः आरोनोविच आणि अँड्र्यू कार्टमेल यांचे, चित्रे ली सलिव्हन यांची. त्यांनी छापलेली कादंबरी चौकटींत कोंबली नाही. कादंबऱ्यांच्या मधल्या काळात घडणारी नवी गोष्ट रचली. यात शहाणपण आहे. कादंबरीत पीटर स्वतः गोष्ट सांगतो, पानेच्या पाने मनातले बोलतो, थट्टा करतो. चित्रकथेत ते सारे छापले तर चित्राला जागाच उरणार नाही. मग निवड करावी लागते. काय बोलायचे, काय दाखवायचे आणि काय गाळायचे?

हेरकथेत तर आणखी एक अडचण. पुरावा शब्दांत लपवणे सोपे. एका वाक्यात ओझरता उल्लेख केला की झाले. चित्रात तो पुरावा टेबलावर ठेवावाच लागतो, वाचकाच्या डोळ्यांसमोर, पण चटकन नजरेत भरणार नाही असा. आणि धक्का द्यायचा तर पान उलटल्यावरच द्यावा, नाहीतर समोरच्या पानावर तो आधीच दिसतो. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टी अशोक जैन यांनी मराठीत आणल्या. त्यांच्या इंग्रजी चित्रकथा सुभद्रा सेनगुप्ता आणि चित्रकार तापस गुहा यांनी केल्या, तेव्हा अशीच कसरत करावी लागली. शिवाय फेलूदाचा चेहरा राय यांनी स्वतःच काढून ठेवलेला. तो वाचकांना आधीच ठाऊक होता.

पीटरच्या बाबतीत चित्राने एक मोठे काम केले. पुस्तकात नायकाचा रंग एकदा सांगितला की वाचक तो विसरू शकतो आणि सवयीने गोरा चेहरा डोळ्यांपुढे आणू शकतो. चित्रकथेत विसरायची सोय नाही. प्रत्येक चौकटीत सावळा पीटरच विचार करतो, प्रश्न विचारतो, गुन्हा उलगडतो. सफाई कामगार आईचा मुलगा इथे कोणाच्या मागे उभा नाही.

चित्राची रीतही उसनी घेण्याची गरज नाही. २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ ही बाबासाहेबांच्या जीवनावरची चित्रकादंबरी काढली. ती दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चितारली. चौकटींत माणसे बंद करायला त्यांनी नकार दिला. मऊ बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचा फुगा आणि टोचणाऱ्या बोलण्याला विंचवाच्या नांगीचा! जातीचा डंख लहान पोरालाही दिसतो, समजावून सांगावा लागत नाही.

आता आपल्या पनवेलकडे वळू. लंडनच्या नद्या माणसे होऊ शकतात, तर माथेरानच्या डोंगराकडून येणारी आपली गाढी का नाही? २००५ च्या जुलैतले तिचे रूप थोरांनी पाहिले आहे. ती बाई झाली तर दिसेल कशी, नेसेल काय, बोलेल कोणती बोली? एसटी स्टँडवर, वडाळे तलावाच्या काठी रहस्याचा शोध घेणारी मुलगी कोणत्या वस्तीत राहत असेल? सुट्टीत मुलांपुढे हे प्रश्न टाका. आठ पानांची वही आणि एक पेन्सिल पुरते.

रंगवताना मात्र जवळ बसा. रंगपेटीतल्या गुलाबीसर खडूला पुष्कळ मुले ‘स्किन कलर’ म्हणतात. तो खडू हातात घेण्याआधी मुलांना आपल्या हाताशेजारी, आईच्या हाताशेजारी धरून पाहायला सांगा. मग तपकिरी, पिवळा, काळा मिसळून स्वतःचा रंग तयार करू द्या. ज्यांचा हात चांगला आहे, त्यांना शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांना जरूर बसवा. त्यांतील यशाबद्दल दहावीला वाढीव गुणांची सोय आहे. चौकशी चित्रकलेच्या शिक्षकांकडे करावी. चित्रे काढून पोट भरेल का, असे पोराला आत्ताच विचारू नका. आधी त्याच्या वहीतला नायक कोण आहे, कसा दिसतो, ते बघा.