अंगणातील अवर्षण

नाणेघाटात धो-धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे जाता जाता झपाट्याने ओसरतो, हे ठाऊक असूनही जुन्नर-आंबेगावच्या पूर्वपट्ट्यात बंगल्यांपुढे विंधनविहिरीच्या पाण्यावर हिरवळ पोसणे, हा अपव्ययच होय. करंज, बोर, बाभूळ, हिवर यांसारखे एकदा मूळ धरल्यावर अल्पजलावर तगणारे वृक्ष, पागोळ्यांचे पाणी मुरविणारे चर आणि पाचोळ्याचे आच्छादन एवढ्यानेही अंगणास शोभा येते.

अशा वृक्षांची लागवड या भागाला नवी नाही: जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी शिलालेखात करंजांच्या लागवडीसाठी २० व वडांसाठी ९ निवर्तने जमिनीचे उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे. लागवडीइतकीच तिच्या खर्चाची तजवीज महत्त्वाची, हे त्या दात्याने जाणले होते. ग्रामपंचायतींनीही वृक्षारोपणाच्या ठरावातच रोपांच्या पहिल्या उन्हाळ्यांतील पाण्याची तरतूद दफ्तरी नोंदवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.